रोजकीर्द : घरची, कार्यालयाची आणि गावाची

हिशेब हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रथम लेखापरीक्षकाची मूर्ती उभी राहते. वर्षअखेरीस धावपळ सुरू होते, कपाटातील वह्या बाहेर निघतात, महिनोन्‌महिने राहिलेल्या नोंदी एका बैठकीत आणि एकाच शाईने भरल्या जातात. तपासणी आटोपली की त्या वह्या पुन्हा कपाटात जातात. हिशेब म्हणजे दुसऱ्याने मागितल्यास सादर करावयाची वस्तू, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात फार खोलवर रुजलेली आहे.

वस्तुतः हिशेब हे सर्वप्रथम स्वतःला तपासण्याचे साधन होय. सचोटी, काटकसर, नियमितपणा या गुणांची महती सांगणारी व्याख्याने आपण शाळेपासून प्रशिक्षण वर्गापर्यंत ऐकत आलो आहोत. मात्र हे गुण अंगी बाणतात ते कोणत्या मार्गाने, याची चर्चा क्वचितच होते. केवळ संकल्प करून कोणी प्रामाणिक होत नाही. त्यासाठी रोज करावयाचे, करता येण्याजोगे आणि झाले की नाही हे पाहता येण्याजोगे काही तरी हाताशी असावे लागते. रोजचा जमाखर्च रोज लिहिणे, आणि तो दुसऱ्या माणसाला वाचता व पडताळता येईल अशा रीतीने लिहिणे, ही अशी एक सवय आहे. प्रस्तुत लेखात तिच्यापुरताच विचार करावयाचा आहे.

वहीचा वारसा आणि वहीचा दुरुपयोग

हिशेबाची आस्था मराठी मुलखाला नवी नाही. आपल्या आडनावांकडे पाहिले तरी हे ध्यानी येते. चिटणीस पत्रव्यवहार पाही, फडणीस जमाखर्चाच्या दप्तरावर देखरेख करी, मुजुमदार हिशेब तपाशी, पोतनिसाकडे रोकड असे आणि कुलकर्णी गावचे दप्तर सांभाळी. दिवसाची आवकजावक त्याच दिवशी जिच्यात मांडावयाची, ती रोजकीर्द. त्या नोंदी पुढे खातेवार उतरावयाच्या, ती खतावणी. ‘रोज’ हा शब्द त्या वहीच्या नावातच आहे, हे आजच्या रोकड वहीच्या रखवालदारांनी विसरू नये. आठवड्याने लिहिलेली रोजकीर्द ही नावापुरतीच रोजकीर्द राहते.

परंतु या वारशाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर शेतकरी कागदापुढे कसा असहाय होतो आणि लिहिता येणारे त्याचा गैरफायदा कसा घेतात, याचे विदारक वर्णन आहे. एका पक्षाला लिहिता येते आणि दुसऱ्याला वाचताही येत नाही, अशा व्यवहारात वही हे न्यायाचे साधन न राहता शस्त्र बनते. आकडे जुळले म्हणजे हिशेब खरा झाला असे नव्हे. ज्याचा पैसा, त्याला तो हिशेब समजला पाहिजे. ही कसोटी फुल्यांच्या काळी जितकी लागू होती तितकीच आजही आहे; केवळ वहीच्या जागी पुष्कळ ठिकाणी संगणकाचा पडदा आला आहे.

लंडनमधील विद्यार्थी, पुण्यातील प्राध्यापक

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. प्रारंभी त्यांनी कपडे, नृत्य, व्हायोलिन अशा गोष्टींवर बराच खर्च केला, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. याही काळात त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. गाडीभाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्र असा किरकोळातला किरकोळ खर्चही ते टिपून ठेवीत आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक ताडून पाहत. पुढे काटकसर करण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा कोठे हात आखडावयाचा हे त्यांना या वहीनेच दाखविले. बिऱ्हाड बदलून आणि रोज आठ-दहा मैल पायी चालून त्यांनी आपला खर्च निम्म्यावर आणला.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. वहीने त्यांना खर्च करण्यापासून रोखले नाही. व्हायोलिनचा खर्चही त्याच वहीत, इतर खर्चांच्या पंक्तीत लिहिला जात होता. वही उपदेश करीत नाही. ती समोर ठेवते. पुष्कळ लोक पहिल्याच महिन्यात हिशेब लिहिणे सोडून देतात, त्याचे कारण आळस हे नसून स्वतःची झालेली ही ओळख सहन न होणे हे असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या सवयीचे सार्वजनिक फळ १८९४ साली दिसून आले. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली आणि वर्गणीचा पैसा गांधीजींच्या हाती येऊ लागला. लहान रकमेला पावती कशाला, असे देणाऱ्यांनाच वाटे. तरी प्रत्येक रकमेची पावती देण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. चोख हिशेबाशिवाय सार्वजनिक कार्यात सत्य निर्मळ राहू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. विद्यार्थिदशेत स्वतःच्या पैशाचा हिशेब ज्याने ठेवला, त्याला लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवणे जड गेले नाही. हा क्रम उलटा होताना मात्र फारसा आढळत नाही.

महाराष्ट्रात याच जातीचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी आयुष्यभर लहानमोठ्या देणग्या गोळा केल्या. उतारवयातही, १९३६ साली ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केल्यावर, ते त्यासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडले. विधवाविवाह केल्यामुळे ज्या माणसाला त्याच्या गावाने वाळीत टाकले होते, त्याच्या हाती लोकांनी पैसा दिला तो त्याच्या निःस्पृहतेवर भरवसा ठेवून. या निःस्पृहतेची किंमत घरच्या माणसांनीही मोजली, हे मात्र चरित्रपर व्याख्यानांत सहसा सांगितले जात नाही. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन १९४४ साली प्रसिद्ध झाले. संस्थेचा संसार सांभाळणाऱ्या पुरुषाच्या घरातील ओढाताण कशी असते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी ते अवश्य वाचावे.

‘किरकोळ’ नावाचे खाते

आता आपल्या घराकडे वळू. घरचा हिशेब लिहिण्यास शंभर पानी वही आणि रात्रीची दहा मिनिटे पुरेशी होतात. तरीही तो बिघडतो, आणि बहुधा ‘किरकोळ’ या एका शब्दाने बिघडतो. धान्य, किराणा, वीज, शाळेचे शुल्क या बाबी माणूस बिनचूक लिहितो, आणि जे स्वतःलाही सांगावयाचे नसते ते किरकोळमध्ये घालतो. महिनाअखेर किरकोळची बेरीज किराण्याच्या बेरजेच्या जवळ जाऊ लागली की समजावे, वही लिहिली जात आहे पण हिशेब होत नाही.

घरची वही एकट्या कर्त्या पुरुषाने लिहून कुलुपात ठेवणे हेदेखील योग्य नव्हे. ती पत्नीने वाचावी, मोठ्या मुलांनी वाचावी. सणावाराच्या आणि लग्नकार्याच्या खर्चात याचा विशेष उपयोग होतो. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली हे सर्वांना ठाऊक आहे; पण कर्ज काढून सण, जेवणावळी आणि लग्ने साजरी करणाऱ्यांना ते कीर्तनातून तितक्याच कठोरपणे प्रश्न विचारीत. बाबांपाशी पोथी नव्हती, शालेय शिक्षणही नव्हते. मात्र लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि त्यांतील काही आपल्यासाठी ठेवावे असे त्यांच्या मनाला शिवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

सोमवारपर्यंतचे पाचशे रुपये

कार्यालयातील मोहाचे स्वरूप निराळे असते. मोठा अपहार करण्याच्या हेतूने सेवेत येणारी माणसे थोडी. बहुतेक प्रकरणांचा उगम लहान असतो. शनिवारी सायंकाळी करवसुलीचे पाचशे रुपये खिशात राहतात. बँक सोमवारी उघडणार. रविवारी घरी औषधाची निकड निघते. पैसे खर्च होतात आणि सोमवारी पदरचे भरले जातात. यात कोणाचे काय बिघडले, असे संबंधिताला मनापासून वाटते. लेखापरीक्षणाच्या भाषेत मात्र यास ‘तात्पुरता अपहार’ असे नाव आहे, आणि रक्कम परत भरल्याने तो पुसला जात नाही. नियम कठोर वाटतो, पण त्यामागे मानवी स्वभावाची जाण आहे. पहिल्या वेळी सोमवारी परत आलेले पैसे पुढच्या वेळी गुरुवारी येतात, आणि त्यानंतर पगार होईपर्यंत थांबतात. म्हणून सरकारी रोकड आणि स्वतःची रोकड एका खिशात कधीही एकत्र होऊ देऊ नये. वेगळी पिशवी ठेवणे हा उपाय फार साधा आहे, परंतु त्याहून परिणामकारक उपाय अद्याप कोणी सुचविलेला नाही.

वाहनाची नोंदवही, प्रवास भत्त्याचे देयक, फिरतीची दैनंदिनी यांनाही हेच लागू आहे. नोंद त्याच दिवशी करावी. चुकलेला आकडा गिरवून किंवा खरवडून दुरुस्त करू नये. एका रेषेने तो असा खोडावा की मूळ आकडा वाचता येईल, वर बरोबर आकडा लिहावा आणि शेजारी लघुस्वाक्षरी करावी. चूक होणे अपराध नव्हे. ती दिसू न देण्याची धडपड संशयास कारण होते.

शिक्षकबंधुभगिनींच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत नाजूक स्थान म्हणजे हजेरीपट. शालेय पोषण आहाराच्या योजनेत, जी २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते, प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यामागे दररोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यामागे १५० ग्रॅम धान्य धरले जाते. समजा, प्राथमिक वर्गात ४० मुले हजर आहेत आणि पटावर ४६ लिहिली गेली. फरक ६०० ग्रॅमचा, म्हणजे एका ओंजळीत मावेल एवढा. शाळेचे दिवस २०० धरले तर तोच फरक १२० किलो होतो. हे तांदूळ कोणी घरी नेले असतील असे नाही. पुष्कळदा पटसंख्या टिकविण्याच्या चिंतेपोटीच आकडा वाढविला जातो. परंतु कोणती सहा मुले शाळेत येत नाहीत, ती कोणत्या शेतावर किंवा वीटभट्टीवर आहेत, हा प्रश्न त्या खोट्या आकड्याखाली गाडला जातो. आकडा खरा लिहिला असता तर कोणी तरी त्या मुलांच्या शोधात निघाले असते.

वाचून दाखविण्याची रीत

गावाच्या पातळीवर हिशेबाचे नियम विस्तृत आहेत. ग्रामपंचायतीच्या लेख्यांसाठी २०११ च्या लेखा संहिता नियमांनी नमुने ठरवून दिले आहेत. त्यांपैकी सामान्य रोकड वही हा नमुना ५; तिची पाने रिकामी असतील तर बाकीचे नमुने कितीही सुबक असले तरी व्यर्थ होत. मागील वर्षाचा वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी ग्रामसभेपुढे ठेवण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. ‘ठेवणे’ या शब्दाचा अर्थ मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा लावला जातो. कागद टेबलावर ठेवला म्हणजे ठेवला, असा अर्थ सोयीचा असला तरी ज्यांचा पैसा आहे त्यांना त्यातून काहीच समजत नाही.

या बाबतीत पंचायतींनी आपल्याच गावातील महिला बचत गटांकडून धडा घ्यावा. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार आणि नियमित परतफेड यांच्या बरोबरीने अद्ययावत लेखे हे सूत्र समाविष्ट आहे. चांगल्या गटात बैठकीच्या शेवटी आजची जमा, आजची उचल आणि हातातील शिल्लक सर्वांपुढे मोठ्याने वाचून दाखवितात. ज्या सभासद भगिनीला अक्षरओळख नाही, तिलाही आपले किती भरले आणि किती उरले हे तोंडपाठ असते. तिच्या कानांनी होणारे हे लेखापरीक्षण दर बैठकीला, विनामूल्य आणि बिनचूक होते.

आता ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’ या संगणकीय प्रणालीवर नोंदविले जातात आणि ते कोणासही पाहता येतात, ही निःसंशय मोठी प्रगती आहे. तथापि संगणक केवळ भरलेला आकडा दाखवितो. तो खरा आहे की नाही, हे तो गटार न बांधलेल्या आळीत जाऊन पाहत नाही. ते आळीतील रहिवाशालाच सांगता येते, आणि त्यासाठी तो आकडा त्याच्या भाषेत त्याच्या कानी पडावा लागतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत सरपंचांनी व सचिवांनी निदान एवढे करून पाहावे. वर्षाच्या हिशेबातील दहा मोठ्या रकमा कामाचे नाव, जागा आणि खर्च अशा क्रमाने सावकाश वाचाव्यात, आणि प्रत्येक रकमेनंतर क्षणभर थांबावे. किरकोळ खर्चाची बेरीजही वाचावी. ‘हे किरकोळ म्हणजे काय?’ असे एखाद्या वृद्ध ग्रामस्थाने किंवा महिला सदस्याने विचारले, तर त्या पानावरील पावत्या तेथेच उघडून दाखविता याव्यात. ‘शोधून कळवितो’ असे उत्तर देण्याची पाळी येऊ नये, एवढी तयारी त्या सकाळी करून ठेवावी.