चप्पल बघितली एकदा, जाहिराती पंधरवडाभर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून मोबाइलवर चपलांचा एक जोड बघावा, तर बातम्या वाचताना, फेसबुक चाळताना त्याच चपला पाठ सोडत नाहीत. ‘माहिती विकली आपली!’ असं मग सगळेच म्हणतात. नेमकं होतं काय?

गैरसमज: खरेदीची ॲप आपली नावं-नंबर गठ्ठ्यानं विकतात.
वस्तुस्थिती: मोठ्या ॲपना बहुधा त्याची गरजच पडत नाही. ‘कोल्हापूर, तिशीच्या आसपास, चपला बघितल्या’ अशा कप्प्यात ती तुम्हाला बसवतात आणि त्या कप्प्याला जाहिरात दाखवण्याचे पैसे घेतात. याद्यांचा चोरटा बाजार वेगळा. एप्रिल 2023 मध्ये सायबराबाद पोलिसांनी एकाला पकडलं. त्याच्याकडे सुमारे 67 कोटी व्यक्ती-संस्थांची माहिती असल्याचं पोलिसांनी सांगितलं.

गैरसमज: कॅश ऑन डिलिव्हरी घेतली की काळजी मिटली.
वस्तुस्थिती: कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवायला रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2022 पासून ॲपना मनाईच केली आहे. पत्ता आणि मोबाइल नंबर मात्र रोखीतही द्यावाच लागतो, आणि तो विक्रेता, गोदाम, कुरिअर असा फिरतो. लेबल न फाडता खोकं घंटागाडीत टाकलं, की आपणच तो वाऱ्यावर सोडला.

गैरसमज: त्यापेक्षा महाद्वार रोडवर जाऊन घेतलेलं बरं.
वस्तुस्थिती: काउंटरवर ‘नंबर सांगा’ म्हणतातच. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. ‘नंबर देणार नाही’ म्हणायला लाजू नका.

गैरसमज: याला कायदाच नाही.
वस्तुस्थिती: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. किमान 2 कोटी ग्राहक असलेल्या खरेदी ॲपना, 3 वर्षं न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती पुसावी लागेल.

तोवर आपलं आपण बघायचं. ॲपला कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी देऊ नका, न वापरलेली खाती बंद करा. ‘पार्सल अडकलंय, लिंक दाबा’ असा मेसेज आला, तर ऑर्डर ॲप उघडूनच तपासा. पैसे गेलेच, तर वाट न बघता 1930 ला फोन लावा.