जेलरचं गाणं आणि डोंगरावरचं प्रवचन 🎵

‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आपल्या भंडाऱ्यात कोणाला माहीत नाही? पण हे सिनेमाचं गाणं. ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. गीत भरत व्यास, संगीत वसंत देसाई, आवाज लताबाईंचा.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय काढा. वैऱ्यावर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. गाण्यातलं मागणंही तेच: समोरच्यानं वाईट केलं तरी आम्ही भलंच करावं. व्यासांनी बायबल समोर ठेवून लिहिलं असं मी म्हणत नाही. हे ऐकणाऱ्याचं वाचन आहे. पण सिनेमाची कथाही बघा. शांतारामबापूंचा जेलर सहा खुन्यांवर विश्वास टाकतो आणि त्यांच्यासाठीच शेवटी जीव देतो. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या सिनेमाला रौप्य अस्वलासोबत कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे यात ख्रिस्ती सूर ऐकणारा मी काही पहिला नव्हे!

उलटी वाटही आपल्याकडचीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती थेट अभंगात आणली. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो रेल्वेमार्ग वरठीच्या आपल्या भंडारा रोड स्थानकावरूनच जातो, बरं का!

तुम्हाला कोणत्या सिनेगीतात असं काही सापडलं? कमेंटमध्ये टाका. भजन म्हणूनच लिहिलेली गाणी मात्र नकोत, त्यात शोधायचं काय?