ऑफिसचा व्हर्च्युअल डेस्कटॉप अचानक वेगळा का वागतो? चालू ‘पूल’चं सेटिंग बदललं की काय होतं, समजून घ्या

शुक्रवारपर्यंत सगळं नीट सुरू होतं. सोमवारी लॉगिन केलं, तर घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या डेस्कटॉपवर कॉपी-पेस्ट होईना. जेवायला उठण्याआधी विंडो बंद केली आणि परत येऊन उघडली, तर अर्धवट भरलेली एक्सेल शीट गायब. शेजारच्या टीमला मात्र यातलं काहीच जाणवलेलं नाही.

घरून किंवा बँक, कॉल सेंटर, आयटी कंपनीच्या ऑफिसातून व्हर्च्युअल डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पहिला संशय इंटरनेटवर किंवा लॅपटॉपवर जातो. पण अनेकदा कारण वेगळं असतं. तुमचा डेस्कटॉप ज्या ‘पूल’मध्ये आहे, त्या पूलचं एखादं सेटिंग आयटी विभागाने बदललेलं असतं. एका सेटिंगचा परिणाम शेकडो लोकांवर कसा होतो आणि त्यात तुमच्या फाईलचं काय होतं, हे पाहूया.

पूल म्हणजे काय?

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालणारा कॉम्प्युटर. तुमच्यासमोर दिसतं ते फक्त त्याचं चित्र. माऊस आणि कीबोर्ड तुमचा, पण विंडोज, फाईल्स, सॉफ्टवेअर सगळं तिकडे.

कंपनीत पाचशे लोक असतील तर पाचशे कॉम्प्युटर एकेक करून कोणी सांभाळत बसत नाही. सारख्या कामाच्या मशीनचा एक गट केला जातो आणि नियम त्या गटाला लावले जातात. हाच डेस्कटॉप पूल. अकाउंट्सचा एक पूल, कस्टमर केअरचा दुसरा. म्हणूनच शेजारच्या टीमला फरक पडला नाही. त्यांचा पूल वेगळा आहे.

या क्षेत्रातलं एक जुनं नाव म्हणजे होरायझन. ते आधी व्हीएमवेअरचं होतं, २०२४ पासून ओम्निसा या स्वतंत्र कंपनीकडे आहे. मायक्रोसॉफ्टची सेवा २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०२१ मध्ये तिचं नाव अ‍ॅझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप झालं. तिथे पूलला ‘होस्ट पूल’ म्हणतात.

पूल दोन प्रकारचे, आणि फरक मोठा

पहिला प्रकार ‘डेडिकेटेड’ किंवा ‘पर्सनल’. यात ठरावीक मशीन तुमच्या नावावर असतं. रोज तेच मिळतं. हे भाड्याच्या खोलीसारखं आहे. सामान ठेवून गेलात तरी ते तिथेच असतं.

दुसरा प्रकार ‘फ्लोटिंग’ किंवा ‘पूल्ड’. लॉगिनच्या वेळी जे मशीन मोकळं असेल ते मिळतं. हे लॉजसारखं झालं. आज १०४ नंबरची खोली, उद्या २०७. होरायझनच्या ‘इन्स्टंट क्लोन’ प्रकारच्या फ्लोटिंग पूलमध्ये तर तुम्ही लॉगऑफ केल्यावर ते मशीनच पुसलं जातं आणि त्याजागी नवं कोरं तयार होतं. त्या मशीनच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाईल मग शोधूनही सापडत नाही.

बदल लागू कधी होतो?

अ‍ॅडमिनने कन्सोलमध्ये जाऊन पूल निवडला, ‘एडिट’ केलं, ‘सेव्ह’ दाबलं, की सगळ्यांचा डेस्कटॉप त्याच क्षणी बदलतो असं नाही. ढोबळमानाने तीन शक्यता असतात.

*सुरू असलेल्या सेशनवरही परिणाम होतो:* सर्वात महत्त्वाचं उदाहरण म्हणजे ‘डिस्कनेक्ट झाल्यावर किती वेळाने लॉगऑफ करायचं’ हे सेटिंग. होरायझनमध्ये त्याचे तीन पर्याय आहेत: लगेच, कधीच नाही, किंवा ठरावीक मिनिटांनी. समजा तुम्ही दहा मिनिटांपूर्वी विंडो बंद करून जेवायला गेलात आणि अ‍ॅडमिनने आत्ता ही मर्यादा पाच मिनिटांची केली. तर पाच मिनिटांची मोजणी सेटिंग बदलल्यापासून सुरू होते आणि ती संपली की तुमचं सेशन बंद. म्हणजे जाताना नियम वेगळा होता, येईपर्यंत तो बदलला आणि सेव्ह न केलेलं काम गेलं.

*पुढच्या वेळी जोडल्यावर फरक दिसतो:* कॉपी-पेस्ट, प्रिंटर, लॅपटॉपचा ड्राइव्ह डेस्कटॉपला जोडणं, एकापेक्षा जास्त मॉनिटर या गोष्टी अ‍ॅझ्युरमध्ये होस्ट पूलच्या आरडीपी सेटिंगमधून ठरतात. जोडणी करताना हे नियम वाचले जातात, म्हणून सुरू असलेल्या कामात फरक जाणवत नाही, नव्याने जोडल्यावर जाणवतो.

*फक्त नव्या मशीनना लागू होतं:* होरायझनमध्ये मशीनच्या नावांची पद्धत बदलली, तर आधीची मशीन जुन्याच नावाने राहतात आणि नंतर तयार होणाऱ्यांना नवं नाव मिळतं. मशीन कोणत्या टेम्प्लेटवरून बनवायची किंवा कुठे साठवायची, यातल्या बदलांचंही तसंच. त्यामुळे एकाच पूलमध्ये काही काळ जुनी आणि नवी मशीन शेजारी-शेजारी चालू शकतात. ‘तुझ्याकडे चालतं, माझ्याकडे का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी इथे असतं.

काय बदलताच येत नाही?

काही निर्णय पूल बनवतानाच कायमचे होतात. होरायझनमध्ये पूलचा प्रकार, तो डेडिकेटेड की फ्लोटिंग, मशीन कोणत्या जातीची आणि पूलचा आयडी नंतर बदलत नाही. लोकांना दिसणारं नाव बदलतं, आतला आयडी तोच राहतो. अ‍ॅझ्युरमध्येही पर्सनल होस्ट पूल नंतर पूल्ड करता येत नाही.

हे बदलायचं तर नवा पूल बनवावा लागतो आणि लोकांना तिकडे हलवावं लागतं. ‘सोमवारपासून नवीन आयकॉनवरून लॉगिन करा’ असा मेल आला, तर त्यामागे बहुधा हेच असतं. अशा वेळी जुन्या डेस्कटॉपवरच्या फाईल्स आपोआप नव्यावर येतील असं गृहीत धरू नका. आधी विचारा.

नवं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे एकदम कसं येतं?

इन्स्टंट क्लोन पूलमध्ये प्रत्येक मशीनवर वेगळं इन्स्टॉलेशन करत नाहीत. एक मूळ मशीन तयार ठेवलेलं असतं. अपडेट त्यावर होतं आणि त्याची नवी ‘इमेज’ पूर्ण पूलला दिली जाते. ती देताना अ‍ॅडमिनसमोर दोन पर्याय असतात. लोक आपणहून लॉगऑफ करेपर्यंत थांबायचं, किंवा सगळ्यांना बाहेर काढून मशीन बदलायचं. दुसरा पर्याय निवडला तर इशारा देऊन बाहेर काढता येतं. तो मेसेज स्क्रीनवर आला की ‘नंतर बघू’ न म्हणता सेव्ह करणं शहाणपणाचं.

अ‍ॅझ्युरमध्ये एखादं मशीन दुरुस्तीला घ्यायचं असेल तर ‘ड्रेन मोड’ वापरतात. त्या मशीनवर नवे लोक येत नाहीत, आधीचे काम करत राहतात.

मग आयटीवाले वेळमर्यादा कमी का करतात?

कारण मशीन मोजकी असतात. फ्लोटिंग पूलमध्ये ८० मशीन आहेत आणि १०० लोक शिफ्टमध्ये काम करतात असं समजा. पहिल्या शिफ्टच्या लोकांनी लॉगऑफ न करता नुसती विंडो बंद केली आणि नियम ‘कधीच लॉगऑफ नको’ असा असेल, तर ती मशीन अडकून राहतात. दुसऱ्या शिफ्टच्या काहींना डेस्कटॉप मिळतच नाही. क्लाऊडमध्ये चालू मशीनचं बिलही येत राहतं. कॉपी-पेस्ट आणि ड्राइव्ह बंद करण्यामागे ग्राहकांचा डेटा बाहेर जाऊ नये हा हेतू असतो.

म्हणजे बदल चुकीचाच असतो असं नाही. पण तो भर कामाच्या वेळेत आणि न सांगता झाला, तर भुर्दंड कर्मचाऱ्याला पडतो. म्हणून चांगले अ‍ॅडमिन आधी छोट्या चाचणी पूलवर बदल करून बघतात, लोकांना वेळ कळवतात आणि जुनं सेटिंग लिहून ठेवतात, म्हणजे गरज पडली तर मागे फिरता येतं.

तुम्ही काय करू शकता?

- विंडो बंद करणं म्हणजे लॉगऑफ नाही. विंडो बंद केली की सेशन मागे सुरू राहतं, तेही नियमात बसेल तेवढाच वेळ. उठण्याआधी सेव्ह करा, शिफ्ट संपली की लॉगऑफ करा.
- आपला पूल कोणत्या प्रकारचा आहे आणि वेळमर्यादा किती, हे आयटी विभागाला एकदा विचारून ठेवा.
- फाईल सी ड्राइव्हवर ठेवू नका. कंपनीने दिलेला नेटवर्क ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह वापरा. काही ठिकाणी एफएसलॉजिक्ससारख्या सोयीमुळे तुमचं प्रोफाईल मशीनपासून वेगळं साठवलं जातं आणि कुठल्याही मशीनवर तुमच्यामागे येतं. तुमच्याकडे ती आहे का, तेही विचारा.
- तक्रार करताना ‘डेस्कटॉप चालत नाही’ एवढंच लिहू नका. पूलचं किंवा आयकॉनचं नाव, मशीनचं नाव, वेळ, आणि टीममधल्या इतरांनाही तोच त्रास आहे का, हे लिहा. सगळ्यांना असेल तर पूलच्या सेटिंगकडे बोट जातं, एकालाच असेल तर त्या मशीनकडे किंवा अकाउंटकडे. अर्धा शोध तिथेच संपतो.