समोरच्यांना न दिसणारी धडधड

धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण कसा आणायचा? शास्त्रज्ञांनी बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले, कर्कश आवाज ऐकवले, गणितं घातली. पुढे १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यात सुई नाही, वेदना नाही. तिचा गाभा आहे नोकरीची एक लुटुपुटूची मुलाखत!

तयारीला थोडा वेळ मिळतो. त्यात केलेली टिपणं ऐन वेळी काढून घेतात. मग पॅनेलपुढे उभं राहून ‘ही नोकरी मलाच का द्यावी’ हे पाच मिनिटं सांगायचं. पॅनेलने हसायचं नाही, मानही डोलवायची नाही. बोलणारा अडखळून थांबला, तर तेही नुसते बघत राहतात. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत जायचं आणि चुकलं की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. एवढ्यानेच लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दुपटी-चौपटीने वाढलं.

असं का व्हावं? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. काम नुसतं अवघड असून भागत नाही, असं त्यात दिसलं. ‘लोक मला जोखताहेत’ आणि ‘निकाल माझ्या हातात नाही’ या दोन जाणिवा एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त उसळतं. मुलाखतीत दोन्ही असतातच.

आता आयटीआयच्या भरती मेळाव्यात रांगेत उभी असलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं आठवा. लिया सॉमरव्हिल यांनी २०१३ मध्ये ८ ते २२ वर्षांच्या मुलांना एवढंच सांगितलं, की तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला कॅमेऱ्यातून बघतंय. खरं तर कुणीही बघत नव्हतं. तरी किशोरवयीन मुलांना लाज जाणवली, शरीर उत्तेजित झालं आणि स्वतःविषयी विचार करणारा मेंदूचा भाग जोरात कामाला लागला. म्हणून ‘एवढं काय घाबरायचं?’ असं त्यांना म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटते. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी लोकांना भाषण करायला लावलं. बोलणाऱ्यांना वाटत होतं, आपली घबराट सगळ्यांना दिसतेय. ऐकणाऱ्यांना ती बरीच कमी दिसली होती. मग त्यांनी काही जणांना हा भ्रम आधीच समजावून सांगितला. त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, आणि हे ऐकणाऱ्यांनीही मान्य केलं! २००३ सालचा हा अभ्यास. छातीतली धडधड बाहेर फारशी पोचत नाही, हे नुसतं कळल्याने माणूस सावरतो.

आपण मात्र मुलांकडून इंग्रजीतला ‘सेल्फ इंट्रो’ घोकून घेतो. कॉर्टिसॉल चढलं की पाठ केलेलं आठवणं जड जातं. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. त्यापेक्षा फिटरच्या पोराला विचारावं, ‘हातातला जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, बिघडला तेव्हा तू काय केलंस?’ काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावल्यावर कडेला उजेड दिसला, मग कुठे किती फाइल मारली, हे तो हातवारे करत सांगेल. ते त्याने स्वतः केलेलं आहे, ते सांगायला पाठ केलेले शब्द लागत नाहीत.

आणि सराव अनोळखी माणसांपुढे व्हावा, तोही एकदा नव्हे. किर्शबाउम यांनीच १९९५ मध्ये २० पुरुषांना सलग पाच दिवस तसल्या परीक्षेला उभं केलं. १३ जणांचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवसापासून फारसं चढेना. उरलेल्या ७ जणांचं मात्र रोज चढत राहिलं. हे प्रौढांचे आकडे असले, तरी वर्गातही असे दोन्ही प्रकार असणार, असं मी धरून चालेन. मेळाव्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या मॉक मुलाखती उरकल्या, तर त्या दुसऱ्या गटातल्या मुलांच्या हाती काही लागत नाही. त्यांच्यासाठी सराव काही महिने आधी सुरू करायला हवा, दर वेळी नव्या माणसापुढे.