पांढरा साका

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी डोंबिवलीहून लोकलमध्ये चढायचे ते दोन पिशव्या सांभाळत. एकीत डबा, दुसरीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या. लेडीज डब्यात कुणीतरी विचारायचंच, "काय गं, लोणचं का?" नदीचं पाणी म्हटलं की हसायच्या. वालधुनीचं म्हटलं की सरकून बसायच्या.

अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर जिच्या काठी उभं आहे, तीच ही वालधुनी. पुढे कल्याणला उल्हासला मिळते.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंक्लरची रीत १८८८ सालची. आमच्या प्रयोगशाळेतही तीच. बाटली पाण्याखाली धरून गच्च भरायची, एक बुडबुडा राहता कामा नये. तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. विठ्ठलवाडीजवळ भरलेली माझी पहिली बाटली पांढरी झाली. माझंच काहीतरी चुकलं म्हणून दुसरी भरली. मग तिसरी. गाइड मॅडम म्हणाल्या, "बाटल्यांना कशाला दोष देतेस? तारीख, वेळ, जागा लिही."

ते लिहिलं आणि छापायची घाई केली. एका जर्नलने पैसे घेतले, चार दिवसांत पेपर आला, प्रमाणपत्रही आलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. तक्त्यात मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम पडलंय, ते अजून तसंच आहे. माझ्या बायोडेटात हा पेपर नसतो.

खरं छापणं काय असतं ते मला ठाण्याने दाखवलं. चेंदणीला खाडीच्या अगदी काठावर बांदोडकर कॉलेज आहे. तिथल्या आर. पी. आठल्ये, गोल्डिन क्वाड्रोस यांनी खाडीच्या चिखलातले जीव चाळून मोजले. माधुरी पेजावर यांनी मासुंद्याचं, म्हणजे आपल्या तलावपाळीचं, पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. २०१५ला खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२मध्ये रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. फोटो पक्ष्यांचे आले. पण आधी चिखलात काय होतं हे विचारायचं तर जुने तक्तेच उघडावे लागतात, आणि त्यामागे बरेचदा गुडघाभर चिखलात उभी असलेली विद्यार्थी पोरंच असतात.

माझा दुसरा पेपर खाडीवरचा. तो सात महिने अडकला. परीक्षकाने विचारलं होतं, नमुने घेतले तेव्हा भरती होती की ओहोटी, आणि किती वेळ झाला होता? प्रश्न रास्त होता. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, ओहोटीला शहराचं बाहेर जातं. त्याच जागी तीन तासांत वेगळाच आकडा मिळतो.

माझ्या वहीत घड्याळाची वेळ होती, भरती-ओहोटीचा रकानाच नव्हता. पानं चाळताना समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: "अष्टमी. काका म्हणतात भांग आहे, पाणी फार ओढणार नाही." होडीवाल्या काकांना मी त्या दिवशी नुसतं बोलतं ठेवायला विचारलं होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे मंद भरती-ओहोटी, हा त्यांचा हिशेब तिथीचा. पंचांगातून त्या तारखांच्या तिथी काढल्या, भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिल्या आणि नवा रकाना भरून पाठवला.

पेपर छापून आला. आभाराच्या ओळीत काकांचं नाव आहे. प्रत द्यायला गेले तर त्यांनी कागद उलटा धरून विचारलं, "यात आमच्या निवट्यांचं काय लिवलंय?"

चिखलातले ते मासे, निवटे, मी मोजलेच नव्हते.