कलिंगडाची पारख

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हें जितकें अवश्य, तितकेंच आराशींत पाकळ्या पाडून मांडलेलें लालबुंद कलिंगडहि अवश्य, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. कांहीं वर्षांपूर्वी आमच्या घरच्या समारंभासाठीं कलिंगड आणण्याचें काम आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें अंगावर घेतलें. दुकानांत सात-आठ फळें टिचकीनें वाजवून पाहिलीं, कान लावून ऐकल्यासारखें केलें, आणि त्यांतलें सर्वांत मोठें व तुकतुकीत फळ उचललें. घरीं तें कापलें तों आंत फिकट गुलाबी गर आणि पांढऱ्या बिया! बायका यावयास अर्धा तास उरला होता. आत्याबाईंनीं कांहीं एक न बोलतां तें फळ उचलून मागल्या दारीं नेलें. त्यांचें तें न बोलणें अजून आमच्या स्मरणांत आहे.

कोणीसें म्हणालें, “न कापतां दोन दिवस ठेवलें असतें तर पिकलें असतें.” पुढें चौकशी केली तेव्हां हेंहि खोटें ठरलें. आंबा, केळें हीं फळें झाडावरून उतरल्यावरहि पिकतात. अढींत घातलेला कच्चा आंबा गोड होतो, कारण त्यांतील पिष्टाची साखर होते. कलिंगडाच्या गरांत पिष्टाचा असा सांठा नसतो. वेलीच्या पानांनीं तयार केलेली साखर देंठावाटे फळांत येते, आणि देंठ तुटला कीं ती आवक कायमची बंद पडते. गंमत अशी कीं, रंग मात्र नंतरहि चढतो. अमेरिकेच्या कृषिखात्यांतील संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, अखंड कलिंगड थंड कपाटांत न ठेवतां खोलीच्या साध्या उष्णतेंत ठेवल्यास गराचें लाल रंगद्रव्य वाढतें. म्हणजे घरीं ठेवलेलें कच्चें फळ अधिक लाल होईल, पण अधिक गोड होणार नाहीं. केवळ लालीवर भाळणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां दुकानांत उभें राहून शोधावयाचें तें एवढेंच कीं, हें फळ वेलीवर पुरेसे दिवस राहिलें होतें काय. फूल फळल्यापासून तयार होण्यास कलिंगडास साधारण ३० ते ४० दिवस लागतात. ते भरले कीं नाहीं याची सर्वांत खरी साक्ष फळाच्या पोटावर असते. हें आम्हांस आठवड्याच्या बाजारांत एका शेतकऱ्यानें शिकविलें. आम्ही नेहमींप्रमाणें टिचक्या मारीत असतां तो हंसून म्हणाला, “दादा, तोंड काय बघता, पोट बघा!” आणि त्यानें फळ पालथें केलें. फळ ज्या बाजूनें जमिनीवर टेकलेलें असतें तेथें ऊन लागत नाहीं, म्हणून एक फिका डाग पडतो. हा डाग पांढरा किंवा हिरवट असेल तर फळ वेळेपूर्वी तोडलें असें समजावें. सायीसारखा पिवळसर असेल तर घेण्यास हरकत नाहीं. आणि हळदीचा हात लागावा तसा गडद पिवळा असेल तर दुसरें फळ शोधूं नये. ज्या तुकतुकीवर आम्ही भाळलों होतों ती बहुधा कोवळेपणाची खूण असते. तयार फळाची साल कांहींशी निस्तेज दिसते.

त्यानंतर वजन. कलिंगडांत दहांत नऊ भागांहून अधिक पाणीच असतें. म्हणून सारख्या आकाराचीं दोन फळें दोन्ही हातांत घेऊन जड तें ठेवावें. एका बाजूस बसलेलें वेडेंवांकडें फळ टाळावें. मधमाशांनीं फुलांत पराग पुरेसा न पोंचविल्यास फळ असें एकांगी वाढतें.

आतां टिचकीविषयीं. ही परीक्षा अगदींच खोटी नाहीं. कच्चें फळ टणटणतें, तयार फळाचा आवाज जाड व घुमारदार येतो, फार झालेलें भदभदतें. जपानांत तर प्रतवारीच्या वेळीं फळाच्या आवाजावरून त्याचें अंतरंग ओळखणारीं यंत्रें वापरतात. पण फळाच्या आकाराप्रमाणें व सालीच्या जाडीप्रमाणें आवाज बदलतो. रोज शेंकडों फळें हाताळणाऱ्या बागवानाच्या कानास जें कळतें तें वर्षांतून चार कलिंगडें घेणाऱ्या आमच्यासारख्यास कळेल ही आशा व्यर्थ होय. आमच्यापुरतें बोलावयाचें तर टिचकीनें गोडी कळली नाहीं, दुकानदाराची करमणूक मात्र झाली.

देंठ वाळलेला पाहून फळ घ्यावें, असेंहि सांगतात. येथें एक गल्लत होते. वेलीवर फळाशेजारचा कुरळा तणावा वाळला कीं फळ तयार झालें असें शेतकरी मानतात, आणि तें खरें आहे. पण तोडलेला देंठ काय, कच्च्या फळाचाहि चार दिवसांत वाळतोच. लांबट फळ नर आणि गोल फळ मादी, मादी तेवढी गोड, ही तर निव्वळ दंतकथा. नर फुलास फळ धरतच नाहीं.

दुकानदारास दोष द्यावा असें त्या दिवशीं आमच्या मनांत आलें होतें. पण एकाच वेलीवरचीं फळें एकाच दिवशीं तयार होत नाहींत, आणि दारीं मालमोटार उभी असतां भाव पडण्याच्या भीतीनें शेत एकदम खुडलें जातें. पूर्वी नदी आटली कीं तिच्या वाळवंटांत उन्हाळ्यापुरत्या वाड्या होत. आतां ठिबक सिंचन आणि प्लास्टिकचें आच्छादन यांमुळें वर्षांतील बहुतेक महिने हें फळ मिळतें, पण तोडणीची ही घाई राहतेच. तोडण्यापूर्वी भरपूर पाणी दिलें किंवा पाऊस झाला तर तयार फळसुद्धां पाणचट लागतें. एकाच ढिगांत अमृत आणि पाणी शेजारीं शेजारीं असतात तीं अशीं.

फळ निवडल्यावर कापण्याचाहि विचार हवा. सर्वांत गोड गर मध्यभागीं असतो, सालीकडे गोडी उतरत जाते. मधला गर काढून पुरुषांस व मुलांस द्यावा आणि सालीलगतच्या फोडी मागाहून जेवणाऱ्या सुनांसाठीं ठेवाव्या, ही वाटणी कित्येक सुशिक्षित घरांतहि आम्हीं पाहिली आहे. ती आम्हांस मुळींच शोभत नाहीं. देंठापासून टोंकापर्यंत उभ्या खापा केल्या म्हणजे प्रत्येक खापेस गाभ्याचा भाग येतो. सालीच्या आंतला पांढरा भाग किसून थालीपिठांत घालावा, तो चांगला लागतो.

आमच्या घरीं आतां आत्याबाई स्वतः अशा उभ्या खापा करतात. सुरी लावण्यापूर्वी मात्र त्या कलिंगड परातींत पालथें करतात आणि आमच्याकडे न पाहतांच विचारतात, “पोट पाहिलंस का रे?”