उपवासाचे फळ आणि ढिवरांचे तळे

एकादशी आली की महाराष्ट्रात घरोघरी शिंगाड्याच्या पिठाचा डबा खाली उतरतो. लापशी होते, थालीपीठ होते. शिंगाडा हे धान्य नव्हे, जलफळ आहे, म्हणून शास्त्राची आडकाठी नाही. ज्या पाण्यात ते फळ वाढते, त्या पाण्याची आठवण मात्र उपवास सुटेपर्यंत कोणास होत नाही.

संस्कृतात त्याचे नाव शृंगाटक. रस्ते जेथे मिळतात त्या चौकालाही जुने ग्रंथकार हाच शब्द योजतात. काश्मीरात वुलर सरोवराकाठच्या गरिबांचे ते एके काळी पोटाचे अन्नच होते. विदर्भात शिंगाडा म्हटला की तलावांचा मुलूख डोळ्यांपुढे येतो : भंडारा, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा. येथील अनेक तलाव कोहळी समाजाच्या कर्तबगारीतून झाले. नवेगावच्या बांधाशी कोलू पाटलांचे नाव आजही जोडले जाते. धानासाठी बांधलेल्या या तलाव-बोड्यांत ढिवरांनी दुसरे पीक काढले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात शिंगाडा लावणाऱ्यांची ‘सिंगारिया’ अशी पोटजातच नोंदलेली आहे.

पावसाळ्यात रोपे पाण्यात लावायची, आणि आश्विन-कार्तिकात कमरे-छातीएवढ्या पाण्यात उतरून, तरंगती पाने उलटी करीत एकेक फळ तोडायचे. काटे बोटांत शिरतात, गारठ्याने अंग काकडते. बाजारातील उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग यातले काहीच सांगत नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, झाले, आणि त्यांची निगा राखण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. गाळ चढला, काठाने बेशरम माजली. उथळ तलाव लवकर आटतो, आणि शिंगाड्याला तर दिवाळीनंतरही पाणी हवे. आता गाळ काढण्याच्या योजना निघतात हे स्वागतार्हच. पण त्यांचा हिशेब सिंचनाच्या हेक्टरांत मांडला जातो, फार तर मासळीच्या किलोंत. शिंगाड्याला त्यात रकाना मिळणे कठीण. वास्तविक हे पीक मोठे चोखंदळ आहे. पाणी आटले तर ते जाते, आणि फार खोल पाण्यात त्याचे मूळ चिखलाला धरत नाही. तेव्हा यंत्र तलावात उतरविण्यापूर्वी कोणती बाजू किती खणावी, हे तेथल्या ढिवरांना विचारले पाहिजे. सरसकट खोल केलेल्या तलावात धानाला पाणी मिळेल, शिंगाडा मिळणार नाही.